सेलूच्या माथ्यावरची स्वाती : नाक्षत्र काल आणि तारासूचींचा आढावा

स्वातीचा तारा आज सेलूवरून जातो तेव्हा खस्वस्तिकाच्या, म्हणजे डोक्यावरच्या नेमक्या बिंदूच्या, सुमारे २४ कला दक्षिणेकडून जातो. १९०० साली तो याच बिंदूच्या सुमारे १५ कला उत्तरेकडून जात असे. मधे केव्हातरी तो अगदी माथ्यावरून गेला असणार. हिशेब केला तर ते वर्ष १९४८ च्या आसपास येते. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले त्याच सुमाराचे. सव्वाशे वर्षांत पडलेल्या या ३९ कलांच्या फरकापैकी जेमतेम ४ कला स्वातीच्या स्वतःच्या चालीच्या आहेत. बाकी सगळा फरक पृथ्वीच्या अक्षाने दिशा बदलल्याचा.

तारासूचीत प्रत्येक ताऱ्यापुढे दोन आकडे असतात : विषुवांश आणि क्रांती, म्हणजे जणू आकाशातले रेखांश आणि अक्षांश. हे आकडे जगभर सारखेच. मग परभणी जिल्ह्यातल्या सेलूत गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला तो तारा किती वाजता, कुठे दिसेल? सूचीतल्या आकड्यापासून गच्चीपर्यंतचा पूल म्हणजे नाक्षत्र काल. पंचांगवाले त्यालाच सांपातिक काल म्हणतात. हा काल काढायचे सूत्र शाळकरी मुलालाही जमेल इतके सोपे आहे. गणित बिघडते ते बहुतेक वेळा घड्याळ एका शून्यापासून आणि सूची दुसऱ्या शून्यापासून मोजलेली असते म्हणून. हा प्रश्न आपल्याकडे वेगवेगळ्या काळांत कसा हाताळला गेला आणि आज सेलूसाठी तो कसा सोडवावा, याचा हा आढावा.

मूळ नाते

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरी करते. तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीच्या कक्षेत जवळजवळ एक अंश पुढे सरकलेली असते. त्यामुळे सूर्य पुन्हा याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण वृत्तावर, आणायला तिला आणखी सुमारे ४ मिनिटे फिरावे लागते. आपले घड्याळ सूर्याचे, म्हणून तारे रोज ३ मिनिटे ५६ सेकंद लवकर येतात. महिन्याला हे दोन तास होतात आणि वर्षात एक पूर्ण फेरी जादा भरते.

नाक्षत्र घड्याळ या फेरीवर चालते. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो बिंदू, याम्योत्तरावर आला की त्यात शून्य वाजतात. विषुवांशही त्याच संपातापासून पूर्वेकडे मोजतात. म्हणून ज्या ताऱ्याचा विषुवांश ५ तास, तो नाक्षत्र घड्याळात ५ वाजता याम्योत्तरावर येतो. इतर वेळी स्थानिक नाक्षत्र कालातून विषुवांश वजा केला की ताऱ्याचा होराकोन मिळतो : उत्तर धन आले तर तारा मध्य ओलांडून पश्चिमेला गेला, ऋण आले तर अजून पूर्वेला आहे. घड्याळ आणि सूची यांचे नाते एवढ्या एका वजाबाकीत सामावते. विषुवांश अंशांऐवजी तास-मिनिटांत छापतात तेही यासाठीच. १ तास म्हणजे १५ अंश, आणि ४ सेकंद म्हणजे १ कला.

सिद्धांतकारांचे घड्याळ

४ सेकंदांत एक कला हे माप आपल्याकडे जुने आहे. नाक्षत्र अहोरात्राच्या ६० घटी, घटीची ६० पळे, पळाचे ६ असू. एकूण २१,६०० असू. वर्तुळाच्या कलाही तेवढ्याच. म्हणजे एका असूत आकाश एक कला फिरते. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० फेऱ्या आणि १,५७,७९,१७,५०० सावन दिवस दिले. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की नाक्षत्र दिवस २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंदांचा येतो. आजच्या मापाशी तो सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत जुळतो.

नाक्षत्र कालाचे सिद्धांतग्रंथांतले रूप म्हणजे लग्नसाधन, क्रांतिवृत्ताचा कोणता अंश पूर्व क्षितिजावर उगवतो आहे ते काढणे. लंकेवर, म्हणजे विषुववृत्तावर, मेष, वृषभ आणि मिथुन या राशी उगवायला अनुक्रमे २७८, २९९ आणि ३२३ पळे लागतात. हे लंकोदय म्हणजे क्रांतिवृत्तावरच्या तीस-तीस अंशांचे विषुवांश होत. आपल्या गावासाठी त्यांत चरखंडांचा, म्हणजे अक्षांशामुळे उदयात पडणाऱ्या फरकाचा, संस्कार करायचा. सेलूचा अक्षांश साधारण १९ अंश २७ कला. बारा अंगुळांच्या शंकूची विषुवदिनी मध्यान्हीची सावली, म्हणजे पलभा, इथे ४ अंगुळे १४ व्यंगुळे पडते. तिला १०, ८ आणि १०/३ ने गुणले की सेलूची चरखंडे मिळतात : ४२, ३४ आणि १४ पळे. म्हणून सायन, म्हणजे संपातापासून मोजलेली, मेष रास सेलूच्या क्षितिजावर २७८ उणे ४२, म्हणजे २३६ पळांत, अर्थात सुमारे ९४ मिनिटांत उगवते. गणेश दैवज्ञाच्या १५२० च्या ग्रहलाघवावर वाढलेल्या जोशांना हे तोंडपाठ असे. साइन-टॅनची कोष्टके हाती न घेता सावलीच्या एका मापावर हे सगळे उभे राही.

ताऱ्यांच्या जागा सांगण्याची त्यांची रीतही लक्ष देण्याजोगी आहे. सूर्यसिद्धांतात योगताऱ्यांचे, म्हणजे नक्षत्रांतल्या मुख्य ताऱ्यांचे, ध्रुवक आणि विक्षेप दिलेले आहेत : रोहिणी ४९ अंश ३० कला, दक्षिण ५, चित्रा १८० अंश, दक्षिण २, स्वाती १९९ अंश, उत्तर ३७. ताऱ्यातून ध्रुवाकडे जाणारे वर्तुळ क्रांतिवृत्ताला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे ध्रुवक. ग्रीकांनी ताऱ्याचा भोग कदंबाकडून, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या ध्रुवाकडून, मोजला. आपल्याकडे ध्रुवाकडून मोजला. त्याचा फायदा असा की ध्रुवकाचा बिंदू आणि तारा एकाच क्षणी याम्योत्तरावर येतात. रात्री मध्यावर आलेला तारा ओळखता आला की तेव्हा क्रांतिवृत्ताचा कोणता अंश मध्यावर आहे ते कळे आणि त्यावरून वेळ सांगता येई. जुन्या ग्रंथांच्या टीकाकारांनी या मोजणीला ओबडधोबड म्हटले आहे. माझ्या मते ती वेळ काढण्याच्या कामासाठी नेमकी बेतलेली होती. विषुवांशाचेच ते क्रांतिवृत्तावर उतरवलेले रूप आहे.

हे सगळे सेलूपासून दूर घडलेले नाही. शेजारचे पाथरी म्हणजे जुने पार्थपूर. तिथल्या ज्ञानराजाने शके १४२५ म्हणजे १५०३ च्या सुमारास सिद्धांतसुंदर लिहिला. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धांतशिरोमणीनंतरचा हा पहिला मोठा सिद्धांतग्रंथ मानला जातो. ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या लीलावती आणि बीजगणित या दोन्ही ग्रंथांवर टीका लिहिल्या. गोदाकाठचा हा पट्टा सोळाव्या शतकात गणितज्योतिषाचे जिते केंद्र होता.

शून्य कुठे धरायचे

संपात स्थिर नाही. तो ताऱ्यांमधून वर्षाला सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो. ग्रहलाघवात यासाठी सुटसुटीत नियम आहे : शकातून ४४४ वजा करा, ६० ने भागा, अयनांश, म्हणजे ताऱ्यांना बांधलेल्या आरंभबिंदूपासून संपात किती अंश मागे आला ते, मिळतील. म्हणजे गती वर्षाला एक कला धरली आहे. शके १९४८ साठी या नियमाने २५ अंश ४ कला येतात. आजचे सरकारी चित्रापक्षीय अयनांश आहेत सुमारे २४ अंश १३ कला. पाच शतकांनंतर एवढाच फरक पडावा, ही त्या सोप्या नियमाची मोठी कमाई म्हटली पाहिजे.

महाराष्ट्रात खरा वाद झाला तो निरयन, म्हणजे ताऱ्यांना बांधलेल्या, शून्यावर. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा समोर धरून, म्हणजे तिच्यापासून १८० अंशांवर, आरंभबिंदू मानला. टिळक पंचांगाने रेवतीचा झीटा पिशियम हा तारा धरला. दोन्ही आरंभांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. झीटा पिशियम हा पाचव्या प्रतीचा मंद तारा. चित्रा पहिल्या प्रतीची, कुणालाही दिसणारी. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रापक्ष स्वीकारला आणि २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला ठरवले. या वादाची साधने समजून घ्यायची तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ चा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास आजही हाताशी हवा.

या वादाचा नाक्षत्र कालाशी मात्र काडीचाही संबंध नाही, आणि इथेच अनेकांची गल्लत होते. नाक्षत्र काल चालत्या संपातापासूनच मोजतात. त्यामुळे नाक्षत्र कालातून काढलेले लग्न किंवा दशम आधी सायन येते. अयनांश वजा करायचे ते शेवटी, एकदाच. ताऱ्यांची फेरी आणि संपाताची फेरी यांत दिवसाला ०.००८ सेकंदांचा फरक आहे. इतका लहान फरक साठत जाऊन सुमारे २५,८०० वर्षांत एक पूर्ण दिवस भरतो.

हैदराबादच्या काचा

सेलू ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याने तारासूचीच्या एका जागतिक कामाचा मोठा वाटा उचलला, हे मराठवाड्यात फारसे सांगितले जात नाही. १८८७ च्या पॅरिस परिषदेत साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन सूची करायची असे ठरले आणि आकाशाचे क्रांतीनुसार पट्टे पाडून ते वेधशाळांमध्ये वाटले गेले. हैदराबादची निजामिया वेधशाळा नवाब जफर जंग यांच्या हौसेतून उभी राहिली आणि १९०८ मध्ये सरकारने ती आपल्याकडे घेतली. तिच्याकडे दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा पट्टा आला. पुढे उत्तर ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही तिने केला. आठ इंची कुक दुर्बिणीने काचांवर छायाचित्रे घेतली गेली. चॅटवुड, पोकॉक आणि त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजल्या गेल्या. १९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली, तरी काम थांबले नाही.

त्यांतल्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात डेल्टा स्कॉर्पाय, म्हणजे अनुराधेचा योगतारा, येतो. सेलूहून हा पट्टा मध्यावर असताना दक्षिणेला साधारण ४८ ते ५३ अंश उंचीवर दिसतो.

या सूचीचे खंड उघडले तर विषुवांश-क्रांतीऐवजी काचेवरची क्ष आणि य ही मापे सापडतात. प्रत्येक काचेचे स्थिरांक वेगळे दिलेले असतात. ते लावून, जुन्या वेधांतल्या संदर्भताऱ्यांच्या आधाराने, १९०० च्या संपाताचे विषुवांश काढावे लागतात. हा खटाटोप करणारे फार नव्हते, म्हणून या खंडांवर धूळ बसली. त्यांची किंमत नव्वद वर्षांनी कळली. हिपार्कोस उपग्रहाच्या वेधांनी ते स्थिरांक नव्याने काढता आले, आणि शतकापूर्वीच्या जागा व उपग्रहाने मोजलेल्या जागा यांच्या फरकातून ताऱ्यांच्या निजगती, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या चाली, मिळाल्या. २००० साली आलेल्या टायको-२ या २५ लाख ताऱ्यांच्या सूचीतल्या निजगती अशाच आल्या. त्यांत हैदराबादच्या काचांचाही हिस्सा आहे. सूची जुनी झाली म्हणजे टाकाऊ झाली असे नव्हे. ती कोणत्या वर्षाच्या संपाताची आहे हे ठाऊक असले पाहिजे.

सेलूचा हिशेब

आता प्रत्यक्ष गणित. सेलूचा रेखांश साधारण ७६ अंश २७ कला पूर्व. १५ ने भागून ५ तास ५ मिनिटे ४८ सेकंद. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशाची, म्हणून सेलूची स्थानिक मध्यम वेळ २४ मिनिटे १२ सेकंद मागे.

२६ जानेवारी २०२६ च्या रात्री ९ वाजताचा नाक्षत्र काल काढू. प्रमाणवेळ २१ तास म्हणजे ग्रिनिचची १५ तास ३० मिनिटे. त्या दिवशी ग्रिनिचच्या मध्यरात्रीचा मध्यम नाक्षत्र काल ८ तास २१ मिनिटे १२.५ सेकंद. गेलेले १५ तास ३० मिनिटे नाक्षत्र मापात आणायला दर तासाला ९.८६ सेकंद वाढवायचे; एकूण २ मिनिटे ३३ सेकंद. बेरीज २३ तास ५३ मिनिटे ४५ सेकंद. त्यात सेलूचा रेखांश मिळवून २४ तास वजा केले की उत्तर येते : ४ तास ५९ मिनिटे ३३ सेकंद.

जवळ पंचांग किंवा कोष्टक नसेल तर ढोबळ नियम पुरतो. स्थानिक मध्यरात्री नाक्षत्र काल २२ सप्टेंबरला ०, २२ डिसेंबरला ६, २१ मार्चला १२ आणि २२ जूनला १८ तास असतो. पुढे दिवसाला ४ मिनिटे धरायची. २६ जानेवारीला डिसेंबरच्या खुणेपासून ३५ दिवस झाले, म्हणून ८ तास २० मिनिटे. त्यात स्थानिक वेळ २० तास ३६ मिनिटे आणि वर साडेतीन मिनिटे मिळवली की पुन्हा पाचाला अर्धे मिनिट कमीच येते. वर्षभर हा नियम काही मिनिटांच्या आत चालतो.

आता सूची. रोहिणीचा २००० च्या संपाताचा विषुवांश ४ तास ३५ मिनिटे ५५ सेकंद. तो आजचा करायला वर्षाला ३.०७ अधिक १.३४ गुणिले विषुवांशाची ज्या गुणिले क्रांतीची स्पर्शज्या इतके सेकंद मिळवायचे. रोहिणीसाठी हे वर्षाला ३.४५ सेकंद होतात, २६ वर्षांत दीड मिनिट. आजचा विषुवांश ४ तास ३७ मिनिटे २५ सेकंद. म्हणजे ९ वाजता रोहिणी मध्य ओलांडून २२ मिनिटे झालेली. ती सेलूच्या याम्योत्तरावर ८ वाजून ३८ मिनिटांनी आली, माथ्याच्या तीन अंश दक्षिणेला. मृगाच्या पट्ट्यातला मधला तारा, म्हणजे गावाकडच्या तिकांड्यातला मधला, ९ वाजून ३८ मिनिटांनी मध्यावर येईल.

इथे २००० चा विषुवांश तसाच वापरला तर दीड मिनिटाची चूक होते. १९०० च्या सूचीतला वापरला तर सात मिनिटांची. सेलूच्या रेखांशात एका कलेची, म्हणजे जमिनीवर पावणेदोन किलोमीटरांची, चूक झाली तर फरक पडतो फक्त ४ सेकंदांचा. लोक गच्चीचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर सहा दशांश स्थळांपर्यंत बघतात आणि सूचीचे वर्ष पाहायला विसरतात. चुका कुठे मोठ्या, कुठे लहान, याचा हा हिशेब डोक्यात पक्का हवा.

जुन्या वेळांबाबत आणखी एक सावधगिरी. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली. त्याआधी रेल्वे मद्रास वेळेवर चालत, आणि ती आजच्या प्रमाणवेळेच्या सुमारे ९ मिनिटे मागे होती. गावातली वेळ बहुधा स्थानिकच असे. शिवाय १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळे एक तास पुढे होती. आजोबांच्या जन्मवेळेवरून नाक्षत्र काल काढताना हे तपासले नाही, तर पुढचे सगळे गणित शुद्ध असूनही उत्तर चुकीचे येते.

आजची सूची, उद्याचे घड्याळ

१९९८ पासून तारासूचींचे शून्य संपातावरून काढून अतिदूरच्या क्वासारांवर बसवले आहे. ते २००० च्या संपाताशी जवळजवळ जुळते, पण त्याच्यासारखे सरकत नाही. हिपार्कोसच्या १९९७ च्या सूचीत १,१८,२१८ तारे होते. गाया उपग्रहाच्या २०२२ च्या तिसऱ्या संचात १८० कोटींहून अधिक आकाशस्थ वस्तू आहेत, २०१६ या वर्षाच्या स्थानांसह. नाक्षत्र काल मात्र अजूनही चालत्या संपाताचा आहे. म्हणून सूची आणि घड्याळ यांतली दरी दर वर्षी सरासरी तीन सेकंदांनी वाढते आहे.

खगोलशास्त्रज्ञांनी यावर पृथ्वीच्या फिरण्याचा निव्वळ कोन मोजण्याची पद्धत २००३ पासून आणली. तिच्यात संपात मधे येत नाही. मोठ्या दुर्बिणींच्या संगणकांत आता तीच चालते. नाक्षत्र काल त्या कोनावरूनच काढला जातो आणि निरीक्षणांची वेळापत्रके मांडायला अजून तोच सोयीचा पडतो. मध्यम आणि स्पष्ट नाक्षत्र कालांत अक्षाच्या डोलण्यामुळे जास्तीत जास्त सव्वा सेकंदाचा फरक पडतो. उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याने त्याची फिकीर करू नये. पुढचा प्रश्न वेगळा आहे. २०३५ पर्यंत लीप सेकंदाची सध्याची पद्धत बंद करण्याचे २०२२ मध्ये ठरले आहे. मग घड्याळाची वेळ आणि पृथ्वीचे फिरणे यांतले अंतर हळूहळू एका सेकंदाच्या पुढे जाईल, आणि काटेकोर नाक्षत्र कालाला हा आणखी एक संस्कार लागेल.

काय करावे

लग्नसाधनासाठी, आकाशदर्शनासाठी किंवा शाळेतल्या प्रयोगासाठी मिनिटभर अचूकता पुरे आहे. ती मिळवायला तीनच गोष्टी लागतात : सेलूच्या वेळेचा २४ मिनिटांचा संस्कार, त्या तारखेचा नाक्षत्र काल आणि त्याच वर्षाच्या संपातावर आणलेले विषुवांश. स्टेलेरियमसारखी प्रणाली ताऱ्याचे २००० चे आणि आजचे असे दोन्ही आकडे दाखवते. नाक्षत्र कालातून वजा करायचा तो आजचा. दुर्बीण सूचीवरून लावायची असेल, तर तिच्या संगणकाला कोणते वर्ष अपेक्षित आहे ते आधी पाहावे.

सेलूच्या शाळांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना एक सुचवणे. शंकूच्या सकाळ-संध्याकाळच्या समान सावल्यांनी मैदानात उत्तर-दक्षिण रेषा आखा, तिच्यावर दोन ओळंबे टांगा, आणि जानेवारीच्या रात्री रोहिणी त्या दोन दोऱ्यांच्या रेषेत किती वाजता येते ते मुलांना टिपू द्या. आधी गणिताने काढलेली वेळ फळ्यावर लिहून ठेवा. दोहोंत मिनिटाहून जास्त फरक पडला, तर सूचीचे वर्ष सगळ्यात आधी तपासा.